निळा रंग कुठवर

मी ठाण्याच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून रुजू झालो तेव्हा अप्पा टिपणिसांनी मला गाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. आडनावसुद्धा बऱ्याच वेळाने विचारलं. आधी विचारलं, राहता कुठे. चरईत, मावशीकडे, असं मी सांगितल्यावर त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे नीट पाहिलं.

"पाणी कुठवर येतं?"

मला वाटलं, नळाचं विचारताहेत. मी म्हटलं, एरवी खालीच असतं, पण कधीकधी दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा चढतं. अप्पा ताडकन उठले. कोपऱ्यातली छत्री काखेत मारली, टोपी चढवली आणि माझा दंड धरून मला जिन्यापर्यंत नेलं. चरईत एवढं पाणी चढतं आणि कचेरीला पत्ता नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. खुलासा झाल्यावर ते परत खुर्चीत बसले खरे, पण त्यांचा चेहरा पाहून मलाच वाटलं, एकदा तरी चढायला हवं होतं.

अप्पा आमच्या कचेरीत ओव्हरसियर होते. स्वातंत्र्य नुकतं मिळालेलं होतं, नव्या सडका व्हायच्या होत्या, आणि दर पावसाळ्यात बैलगाड्यांच्या वाटाच काय, चांगल्या बांधलेल्या सडकाही ओढ्यानाल्यांवर तुटत होत्या. म्हणून वरून हुकूम आला की ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडपर्यंत खाड्या, ओढे, नाले कुठवर फुगतात, कुठली शेतं पाण्याखाली जातात आणि रस्ते कुठे कापले जातात, याचा एक नकाशा करा. हे काम कोणालाच नको होतं. चिखल तुडवायचा, लोकांच्या घरात शिरून प्रश्न विचारायचे, आणि शेवटी त्याला ना कोनशिला ना उद्घाटन. अप्पांनी मात्र ते अशा खुशीने घेतलं की जणू घरात कार्य निघालंय.

गंमत अशी की अप्पांना पाण्याची भयंकर धास्ती होती. पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी आलं की ते थांबत आणि पोशाला हाक मारत. पोशा हा त्यांचा खलाशी, म्हणजे साखळी आणि पट्टी धरणारा मदतनीस. बाळकूमचा आडमाप माणूस. तो वाकायचा, अप्पा त्याच्या खांद्यावर बसायचे, आणि तिथून छत्रीने दिशा दाखवत ते ओढा पार करायचे. आंबिवलीकडच्या काळू नदीपासून विठ्ठलवाडीच्या वालधुनीपर्यंत सगळं पाणी अप्पांनी असं वरून पाहिलेलं आहे. त्या छत्रीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने फूट आणि इंच आखले होते. खिशात गेरूचा खडा. कोणी सांगितलं, पाणी इथवर आलं होतं, की लगेच भिंतीवर गेरूची रेघ. त्यांच्या सगळ्या कोटांचे खिसे आतून तांबडे झाले होते आणि माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते धुण्याचा नाद सोडून दिला होता.

'कुठवर' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की तो कुठेही बाहेर पडे. कोणी म्हणालं, ताप आलाय, की कुठवर. कोणी म्हणालं, मुलगा शिकतोय, की कुठवर. शेजारच्या टेबलावरच्या एका कारकुनाने आपल्या सासूचं दुःख सांगायला घेतलं तेव्हाही त्यांनी सहानुभूतीने तेच विचारलं, आणि त्या गृहस्थाने हात छातीपर्यंत नेऊन दाखवला.

एकदा ते पुतण्याला घेऊन त्याच्यासाठी मुलगी बघायला कल्याणला गेले. रेतीबंदराच्या बाजूला जुनं घर. पोहे आले, मुलगी आली, आणि अप्पांची नजर मुलीच्या मागच्या भिंतीवर खिळली. तिथे एक आडवा डाग होता. ते उठले, मुलीला म्हणाले, जरा बाजूला व्हा, आणि छत्री भिंतीला लावून वाचू लागले. मुलीच्या बापाला वाटलं, घराच्या ओलीला नावं ठेवताहेत. ते बिचारे, या वर्षी चुना काढणारच आहोत, असं सांगू लागले. तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "तो पाण्याचा नाही, माझ्या धाकट्या भावाने तेलाचे हात पुसलेत. पाण्याचा कपाटामागे आहे." कपाट सरकवलं. डाग होता, आणि त्याच्या खाली आणखी एक जुना होता. अप्पा खाली बसले आणि त्यांनी पुतण्याच्या वतीने होकार देऊन टाकला. पुतण्याला अजून पोहेसुद्धा संपवता आले नव्हते. तो संसार पुढे चांगला झाला हे मुद्दाम सांगतो, नाहीतर अप्पांवर अन्याय व्हायचा.

आता मुख्य गोष्ट. मानपाड्याच्या अंगाला एक आगरी गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून थट्टा सहन करत नाहीत. गावाच्या कडेने एक नाला वाहायचा, भाताच्या शेतांतून खाली डोंबिवलीकडे यायचा आणि पुढे खाडीला मिळायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा देवळासमोर सगळे जमले. सरकारी माणूस पाणी विचारतोय म्हणजे शेतसाऱ्यात सूट मिळणार, असा त्यांचा समज झाला. पहिला म्हणाला, गुडघ्याएवढं येतं. दुसरा म्हणाला, कमरेएवढं. तिसऱ्याने गळ्यापर्यंत नेलं. चौथा उभा राहून देवळाच्या कळसाकडे बोट दाखवू लागला. अप्पा मन लावून लिहून घेत होते. शेवटी एक म्हातारी कंटाळून म्हणाली, "एवरा पानी आयलेला तं तुमी सगले जिते कशे रं?"

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. मधल्या काळात कोणीतरी उठवलं होतं की बुडणारी जमीन सरकार ताब्यात घेणार. आता गावात पाणी येतच नव्हतं. पाऊसही बेताचाच पडतो, असं एकाने सांगितलं, आणि हे सांगताना तो पोटरीभर चिखलात उभा होता. अप्पांनी वाद घातला नाही. बांधावरच्या बाभळीकडे पाहिलं. तिच्या फांद्यांत डोक्याच्या वर वाळकं गवत आणि एक मोडकं मासे धरायचं खोइन अडकलं होतं. खोइन झाडावर कोण लावतं, एवढंच त्यांनी विचारलं. गावचे पाटील हिराजी मोठ्याने हसले आणि अप्पांना घरी चहाला घेऊन गेले. तिथून त्यांची मैत्री झाली.

याच नाल्यावरून नवी सडक जायची होती. आमचे मोठे साहेब, चौबळ, यांनी ती सरळ आखली. शेतांतून उंच मातीचा बांध, आणि नाल्याच्या जागी दोन लहान नळ टाकायचे. काम स्वस्त, सरळ, देखणं. अप्पांचं म्हणणं असं की हा बांध नव्हे, धरण होईल. वरचं पाणी अडेल आणि हिराजीचं गाव पहिल्याच पावसाळ्यात बुडेल. तिथे मोठी मोरीसुद्धा पुरणार नाही, चांगला पूल हवा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ पुढे आहे. आमच्या कचेरीतल्या लोकांनी मिळून डोंबिवलीला घरांसाठी सोसायटी काढली होती. तिचे पुढारी हेडक्लार्क वाकणकर. त्यांनी जी जमीन पसंत केली ती याच नाल्याच्या काठी, सडकेच्या खालच्या अंगाला. सडकेने पाणी अडवलं तर जमीन कोरडी राहणार. पूल झाला तर दरवर्षी पाणी अंगणात. आणि त्या सोसायटीत नाल्याला अगदी चिकटून असलेला प्लॉट होता अप्पांचा. माईंनी तो स्वतः निवडला होता. माती काळी, पाण्याला तोटा नाही, केळी लावता येतील, मागे अळू. तुळशीच्या जागी त्यांनी एक दगडसुद्धा ठेवून दिला होता.

वाकणकर रोज दुपारी चहाच्या वेळी अप्पांच्या टेबलाशी येऊ लागले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. आयुष्यभर चाळीत राहिलेल्या माणसाला अंगण दिसायला लागलं की तो कसा होईल, तसे ते झाले होते. नकाशावर थोडा फिका निळा दिला तर कोणाचं काय बिघडणार, असं ते हळू आवाजात म्हणत. अप्पा म्हणत, बघू. आणि खरंच ते बघत बसत.

नकाशात निळा रंग भरायचं काम अप्पा कोणाला देत नसत. मी रेघा काढून दिल्या की ते स्वतः रंगाची वडी उगाळत, ब्रश ओला करत, आणि जीभ किंचित बाहेर काढून रंग पसरत. त्या दिवसांत पूर्ण नकाशा झाला, फक्त त्या नाल्याकाठचा चौकोन पांढरा राहिला. चौबळ साहेब विचारायचे, झाला का. अप्पा म्हणायचे, वाळतोय. एकदा ते मला म्हणाले, "लेले, तिथे पाणी येतं हे मला माहीत आहे. पण माईला कोण सांगणार?"

मग ते उठून पुन्हा त्या गावी गेले. मीही गेलो, नकाशाची गुंडाळी सांभाळायला. हिराजी शेतावर होते. त्यांची बायको जनाबाय ओटीवर भाताची कणगी दगडांवर चढवत होती. वर्षाचं सगळं भात त्या कणगीत. अप्पांनी विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली की सडक होणार आहे ना, मग पाणी वाढेल असं हे म्हणतात, म्हणून एक थर दगड जास्त लावतेय. तक्रार नव्हती. कोणावर राग नव्हता. अप्पांनी छत्री उभी करून दगडांची उंची पाहिली. मनात काहीतरी हिशेब केला. दगड पुरणार नव्हते, मला ते त्यांच्या तोंडावरून कळलं. आम्ही परत आलो. टोपी न काढताच त्यांनी वडी उगाळली आणि तो चौकोन निळा करून टाकला. घाईत थोडा निळा त्यांच्या मिशीलाही लागला. सबंध दिवस ते तसेच वावरले, आणि वाकणकरांना काय ते मिशी पाहूनच समजलं.

त्या दिवसापासून कचेरीत अप्पांशी कोणी बोलेना. चौबळ साहेबांनी तर नकाशा हातात घेऊन विचारलं की अर्धा तालुका बुडवायचा ठेका घेतलाय का. नळ दोनच टाकायचे ठरले आणि बांधाचं काम सुरू झालं.

अप्पांनी हुज्जत घातली नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की साहेबांनी काम चालू असताना एकदा पाहणी करावी, हिराजी पाटलांकडे जेवणाचं आमंत्रण आहे, आणि त्यांच्याकडे जिताडा फार चांगला करतात. आषाढाचे शेवटचे दिवस होते. श्रावण लागला की महिनाभर माशाचं नाव नाही. चौबळ साहेबांचा जीव खाडीच्या जिताड्यावर होता हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. ते तयार झाले.

साहेब, अप्पा, पोशा आणि मी जीपने निघालो तेव्हा भुरभुर होती. गावात पोहोचेपर्यंत मुसळधार झाली. पानं मांडली गेली. जिताडा खरोखर उत्तम होता. साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, तिसऱ्यांदा वाढून घेतला, आणि मग त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं. अंगणात जीपची चाकं दिसत नव्हती. मातीच्या अर्ध्या बांधानेच पाणी तुंबवलं होतं आणि ते नळ एखाद्या झारीच्या तोंडासारखे थुईथुई करत होते. जनाबायने कोंबड्या उचलून माळ्यावर नेल्या. पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं. अप्पा पाटावर पाय वर घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

गावचे तरुण फावडी, कुदळी घेऊन अंगणात येऊन उभे राहिले. पण काम सरकारी. हात लावला तर खटला व्हायचा. हिराजी अदबीने साहेबांसमोर आले.

"सायेब, तुमी बोललाव तं बांध फोरू. नाय तं जेवान आटपा, मंग माल्यावर बसू."

चौबळ साहेबांनी वर माळ्याकडे पाहिलं. तिथून एक बकरी त्यांच्याकडे पाहत होती. आणखी एक पायरी पाण्याखाली गेली. साहेब म्हणाले, फोडा. पोरं निघाली. तेव्हा अप्पांच्या तोंडून सवयीने आलं, "साहेब, कुठवर?"

साहेब हात धुवायला उठता उठता म्हणाले, "तुमच्या नकाशात आहे तेवढं."

अप्पा पोशाच्या खांद्यावर बसले आणि भर पावसात बांधापर्यंत गेले, मी मागोमाग. छत्री उघडलेली, त्यामुळे रुंदी मोजायला त्यांना ती पुनःपुन्हा मिटावी लागत होती आणि ते भिजत होते. पोरांनी बांध कापला. पाणी एकदम सुटलं, नाल्याला लागलं आणि खाली सोसायटीच्या जमिनीवर गेलं. हद्दीचे दगड दिसेनासे झाले. वाकणकरांनी हौसेने रंगवून घेतलेली सोसायटीची पाटी उपटली गेली आणि खाडीच्या दिशेने निघाली. माईंच्या तुळशीचा दगडही त्यात गेला असणार. अप्पा पोशाच्या खांद्यावरून ते पाहत होते. त्यांना वाईट वाटत होतं की बरं, हे मला सांगता येणार नाही. मला एवढंच ऐकू आलं की ते पोशाला म्हणाले, "आपल्या प्लॉटवर कमरेएवढं आहे बघ. मी म्हटलं होतं तेवढंच."

जीप दोन दिवस गावातच राहिली. साहेब आणि आम्ही संध्याकाळी पाणी ओसरल्यावर बैलगाडीतून आलो. ठाण्याला उतरताना साहेबांनी विचारलं की तो पाऊसही तुम्हीच बोलावलात का. जिताड्याचं मी ठरवलं होतं साहेब, पावसाचं नाही, असं अप्पांनी सांगितलं. हे खरं असावं. मात्र त्यांच्या पिशवीत पंचांग असे आणि अप्पा ते उगाच बाळगत नव्हते, हेही मला माहीत आहे.

पूल झाला. चांगला रुंद झाला. सोसायटीची पाटी पुढे एका कोळ्याच्या होडीत सापडली. तिचं त्याने बसायचं फळकूट केलं होतं, आणि वाकणकरांनी तिच्यावर हक्क सांगितल्यावर त्याने त्यांनाच तिच्यावर बसवून दुर्गाडी किल्ल्याखालून काठाकाठाने एक फेरी मारून आणलं. त्यानंतर वाकणकरांचा राग बराच निवळला. सोसायटीने ती जागा बदलून वरच्या टेकाडावर जागा घेतली.

अप्पांची शिक्षा तिथे सुरू झाली. टेकाडावर नुसता मुरूम. केळ जगेना, अळू जगेना. विहीर खणली तर तिला मे महिन्यात खडखडाट. जिल्हाभर पाण्याच्या मागे हिंडलेला हा माणूस उन्हाळ्यात रोज सकाळी दोन्ही हातांत बादल्या घेऊन खालच्या विहिरीवरून पाणी वाहू लागला, आणि माई दारात उभ्या राहून पिंपाकडे बोट दाखवत मोठ्याने विचारू लागल्या, कुठवर आलं. मी एकदा तिथे गेलो असताना हे स्वतः ऐकलं. अप्पांनी निमूटपणे बादली ओतली आणि सांगितलं की अर्ध्यावर.

माईंनी त्यांना खरंच माफ केलं का, मला ठाऊक नाही. पण प्लॉट बुडाला त्या संध्याकाळी त्या काय बोलल्या ते अप्पांनी मला सांगितलं होतं. अप्पा भिजून घरी गेले, सगळं सांगितलं. माई म्हणाल्या, "त्या बाईचं भात वाचलं ना?" मग टॉवेल आणून दिला.

ते निवृत्त झाल्यावर भेटी कमी झाल्या. मीही बदलून पालघरकडे गेलो. शेवटचं पाहिलं ते हिराजी पाटलांच्या मुलीच्या हळदीला. मला आमंत्रण होतं, पण परतीची बस लवकर होती, म्हणून मी थोडाच वेळ थांबणार होतो. मांडवात धवलारीण बसली होती. तिकडच्या लग्नांत गाणी म्हणून विधी करणारी ती बाई. ती एकेका नातेवाइकाला गाण्यातून हाक मारायची, आणि तो पुढे येऊन मुलीला हळद लावायचा. काका झाले, आत्या झाल्या. मग मामाची पाळी आली आणि धवलारीण थांबली. जनाबायला भाऊ नव्हता.

जनाबायने धवलारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. धवलारणीने मान डोलावली आणि त्याच सुरात, त्याच चालीत, जरा अडखळत पुढची ओळ घेतली. टिपनीस मामा या, असं त्यात होतं.

अप्पा मागे बाकावर बसले होते. त्यांना आधी कळलंच नाही. शेजारच्यांनी ढकललं तेव्हा ते उठले, धोतर सावरलं, आणि पुढे गेले. मुलीने मान खाली घातली होती. हळदीच्या वाटीत बोटं बुडवून ते नुसतेच उभे राहिले, कारण कुठे लावायची ते त्यांना माहीत नव्हतं. बायका हसू लागल्या. एका म्हातारीने त्यांचा हात धरून मुलीच्या गालाला टेकवला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच तोंडाला मूठभर हळद फासली. चष्म्याच्या काचा पिवळ्या झाल्या. तसेच ते, काही दिसत नसताना, मुलीच्या मागे मामाच्या जागी जाऊन उभे राहिले.

माझी बस आली होती. मी मांडवाच्या दारातून वळून पाहिलं. धवलारणीचं पुढचं कडवं सुरू झालं होतं, आणि अप्पांनी अजून चष्मा पुसला नव्हता.